शेवटचा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरांसाठी संशोधन कसं वाचते, यावर एक लेख आला होता. लाखो शोधनिबंध काही सेकंदांत चाळून यंत्र नेमकं उत्तर काढून देतं, असं त्यात मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं मी हेच काम हातानं केलं, त्यामुळे सेकंदांची किंमत मला पुरेपूर कळते. पण त्या लेखात एक गोष्ट राहून गेली. यंत्रानं काय वाचलं ते सगळं आलं. काय वाचलं नाही, त्याबद्दल एक ओळही नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा शोध घ्यायचा म्हणजे ‘इंडेक्स मेडिकस’चे खंड उतरवायचे. १८७९ मध्ये अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केलेली वैद्यकीय निबंधांची ही सूची २००४ पर्यंत छापली जात होती. पुढे पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर एका टिचकीत जे मिळू लागलं, त्याची ही कागदी आजी. मुंगीएवढी अक्षरं, विषयवार मथळे, आणि प्रत्येक मथळ्याखाली ‘हेही पाहा’. ‘हार्ट अटॅक’ शोधाल तर हात हलवत परत याल, तिथे ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’च म्हणावं लागे. हवा तो निबंध आमच्याकडे नसला तर थेट लेखकाला पोस्टकार्ड टाकून प्रत मागवायची. कधी महिन्याभरात यायची, कधी यायचीच नाही.

आमच्या वरिष्ठ ग्रंथपालांनी एक लांबट वही घातली होती. प्रत्येक शोधाची एक ओळ. तारीख, कोणी विचारलं, प्रश्न काय, कोणते शब्द लावले, कोणत्या वर्षांचे खंड पाहिले, किती निबंध हाती आले. आणि शेवटचा रकाना : ‘पाहिलं नाही’. तो रिकामा ठेवून नोंद बंद केली की सर वही परत पाठवत. सुरुवातीला मला हा निव्वळ छळ वाटायचा. मग मीही लिहायला शिकले. ‘१९७५ पूर्वीचे खंड आपल्याकडे नाहीत.’ ‘जर्मन व जपानी निबंध सोडले.’ ‘ऑगस्टचा अंक बाइंडिंगला.’ वही घेऊन जाणारा डॉक्टर आधी तो रकाना वाचायचा, मग आमची यादी. निदान शहाणा डॉक्टर तरी.

त्या रकान्याची किंमत मला २००१ मध्ये कळली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे देण्यात आलं. तिच्या फुप्फुसांना गंभीर इजा झाली आणि जवळपास महिनाभरात ती गेली. संशोधकानं आधी शोध घेतला नव्हता असं नाही. पबमेड पाहिलं होतं, पाठ्यपुस्तकंही पाहिली होती. पण त्या वेळी पबमेडवरच्या नोंदी १९६६ पासून पुढच्या होत्या, आणि या औषधानं फुप्फुसांना होणाऱ्या इजेचे निबंध होते १९५० च्या दशकातले. बातमी आली त्या दिवशी सरांनी वही उघडून टेबलावर ठेवली आणि काही न बोलता केबिनमध्ये गेले. शोधात काही चूक नव्हती हो. शोध कुठून सुरू होतो, एवढंच कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता यंत्राकडे वळते. आधी त्याच्या बाजूनं बोलते, कारण माझ्या पिढीतल्या लोकांनी या विषयावर लिहिलं की वाचक पहिल्या परिच्छेदातच ‘जुन्या काळातली बाई’ म्हणून पान उलटतो.

संशोधनाचा पसारा माणसाच्या आवाक्याबाहेर कधीच गेला आहे. पबमेडवर आज साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. एका विषयाचे निबंध वाचणारा दुसऱ्या विषयाचे वाचत नाही, आणि दोघांच्या मधल्या फटीत ज्ञान पडून राहतं. हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ते डॉन स्वॉन्सन यांनी. शिकागो विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्राच्या विभागातला हा माणूस. डॉक्टर नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. रेनॉ नावाच्या विकारात थंडीनं बोटांचा रक्तपुरवठा आखडतो. या विकारावरच्या निबंधांत रक्त दाट होण्याचा उल्लेख होता. माशांच्या तेलावरच्या निबंधांत या तेलानं रक्ताचा दाटपणा कमी होतो, असं होतं. दोन्ही गठ्ठे एकमेकांचं नावही घेत नव्हते. १९८६ मध्ये स्वॉन्सन यांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि लिहिलं की हे तेल रेनॉच्या रुग्णांना देऊन पाहा. १९८९ मध्ये एका छोट्या चाचणीत काही रुग्णांना गुण आल्याचं दिसलं. त्यांनी जे बरंचसं हातानं केलं, ते यंत्र आज हजार विषयांत एकदम करू शकतं. २०२० च्या फेब्रुवारीत, कोविड नुकताच पसरू लागला असताना, बेनेव्होलंटएआय या कंपनीच्या लोकांनी संशोधन-साहित्यातून यंत्राच्या मदतीनं विणलेल्या माहितीच्या जाळ्यात शोध घेऊन संधिवाताचं बॅरिसिटिनिब हे औषध सुचवलं. पुढे मोठ्या चाचण्यांत ते उपयोगी ठरलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गंभीर रुग्णांसाठी त्याची शिफारस केली. म्हणजे यंत्रानं बोट दाखवलं, खरंखोटं ठरवलं ते चाचण्यांनी. हा क्रम नीट राहिला तर मी यंत्राला हार घालायला तयार आहे.

खोट्या संदर्भांबद्दल आता इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आवरते. निवृत्तीनंतरही काही पीजीचे विद्यार्थी थिसिसचे संदर्भ घेऊन माझ्याकडे येतात. एकानं ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’साठी चाळीस संदर्भ आणले, त्यातले अकरा या पृथ्वीतलावर नव्हते. लेखक खरे, नियतकालिक खरं, खंड क्रमांकही बरोबर, पण दिलेल्या पानावर भलताच निबंध. केवळ भाषेच्या सरावावर उत्तर रचणारं यंत्र असंच करणार, कारण संदर्भ कसा दिसतो हे त्याला पाठ असतं, तो आहे की नाही हे बघायला ते कुठे जातच नाही. मेटा कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये खास वैज्ञानिक साहित्यावर शिकवलेलं ‘गॅलॅक्टिका’ लोकांसमोर ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी मागे घेतलं, ते अशाच थापांपायी. ही चूक पकडायला सोपी. निबंध उघडायला जा, उघडत नाही, संपलं.

मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या जातीच्या चुकीनं.

सर्जरीची एक रेसिडेंट, हुशार मुलगी, लॅपटॉप घेऊन आली. अपघातातल्या रक्तस्रावावर ती सेमिनार देणार होती. तिनं वापरलेलं यंत्र आधी निबंध शोधतं, मग त्यांच्या आधारे उत्तर लिहितं आणि प्रत्येक वाक्याखाली संदर्भ देतं. तिनं विचारलं होतं, अपघातात जखमी होऊन रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध किती वेळात द्यावं? उत्तर आलं होतं, दुखापतीपासून आठ तासांच्या आत. त्यानं मृत्यूचं प्रमाण कमी होतं. खाली संदर्भ, क्रॅश-२ चाचणी, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०१०.

“मॅडम, रेफरन्स खरा आहे. मी उघडून बघितलाय.”

खराच होता. क्रॅश-२ ही काही ऐरीगैरी चाचणी नव्हे. ४० देशांतली २७४ रुग्णालयं, २० हजारांहून अधिक रुग्ण. औषध मिळालेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न मिळालेल्यांत १६ टक्के. चाचणीत घेतलेले रुग्ण दुखापतीपासून आठ तासांच्या आतले, हेही ॲब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे निबंधाच्या सुरुवातीच्या सारांशात, स्वच्छ लिहिलेलं. यंत्रानं एक अक्षर बनवून सांगितलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, “याच लोकांनी पुढे काय लिहिलं ते बघू.” लॅन्सेटमध्येच २०११ मध्ये त्याच चाचणीच्या आकड्यांचं पुढचं विश्लेषण आलं आहे. रक्तस्रावानं होणारे मृत्यू, औषध किती वेळात दिलं त्यानुसार वेगळे काढलेले. पहिल्या तासात दिलं तर मृत्यू ५.३ टक्के, न दिलेल्यांत ७.७ टक्के, म्हणजे फायदा चांगलाच. पण तीन तास उलटून गेल्यावर दिलं तर ४.४ टक्के, आणि न दिलेल्यांत ३.१ टक्के. तीन तासांनंतर तेच औषध नुकसानीकडे झुकत होतं.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. मग तिनं स्क्रीन वर सरकवून ‘आठ तास’ पुन्हा वाचलं. “पण यानं खोटं काहीच सांगितलं नाही ना,” ती म्हणाली. नाहीच सांगितलं. यंत्रानं त्याला पहिल्या सापडलेल्या मूठभर निबंधांचे ॲब्स्ट्रॅक्ट वाचले, २०१० चा मोठा, गाजलेला निबंध वर आला, आणि त्यातली चाचणीत प्रवेशाची अट त्यानं उपचाराची वेळ म्हणून लिहिली. २०११ चा निबंध त्याच्या मुठीत आला नव्हता. आला नव्हता हे सांगायला त्याच्याकडे रकाना नव्हता.

(जाता जाता : तेच उत्तर पुढे म्हणत होतं की औषधानं मृत्यूचा धोका ९ टक्क्यांनी घटतो. तेही खरं. १६ वरून १४.५ म्हणजे दीड टक्क्याचा फरक, आणि तो मूळच्या १६ च्या तुलनेत ९ टक्के. रुग्णाच्या नातेवाइकांना यातला कोणता आकडा सांगायचा हे यंत्राला विचारू नका, आणि अनेक डॉक्टरांनाही विचारू नका.)

त्या मुलीनं मग गंमत म्हणून यंत्रालाच विचारलं, तू काय काय पाहिलं नाहीस? लगेच नम्र शब्दांत पाच मुद्द्यांची यादी आली. त्यात त्यानं दोन अशा डेटाबेसचा शोध घेतल्याचं ठोकून दिलं होतं, ज्यांच्याशी ते जोडलेलंच नव्हतं. त्याच्या माहितीपानावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हा ज्यांना वाटतं की हा रकाना यंत्राकडूनच भरून घेऊ, त्यांना माझा नमस्कार. हा रकाना शोधाच्या नोंदीतून भरायचा असतो, शोधणाऱ्याच्या तोंडून नव्हे. आमचे सर आमच्याही तोंडावर विश्वास ठेवत नसत.

दुसरी भीती मोजणीची. ज्या निबंधाचा उल्लेख जास्त, तो वर. यंत्रानं हे माणसांकडूनच उचललंय, त्याला दोष काय द्यायचा! पण उल्लेख म्हणजे वाचन नव्हे. जानेवारी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हो, संपादकांना लिहिलेलं पत्रच. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातलं औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांत, व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची आढळली, असा मजकूर. दाखल असलेल्या रुग्णांना देखरेखीखाली दिलेलं औषध. घरी नेऊन महिनोन्‌महिने घेण्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात काहीजणांनी हिशेब मांडला. तोवर त्या पत्राचा उल्लेख ६०८ निबंधांत झाला होता, त्यातल्या ४३९ जणांनी ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते वापरलं होतं, आणि रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट ४९१ जणांनी सांगितलीच नव्हती. दरम्यान उत्तर अमेरिकेत या औषधांनी केवढा हाहाकार माजवला ते सर्वांना ठाऊक आहे. पाच वाक्यं वाचायला अर्धा मिनिट लागतं. एवढ्या लोकांनी तेवढंही वाचलं नसावं, दुसऱ्याच्या यादीतून उचललं असावं. आता ६०८ उल्लेखांवर शिकलेल्या यंत्राला कोणी विचारलं, तर त्यानं कोणाचं ऐकावं? ४३९ जणांचं, की २०१७ च्या एकट्या तक्रारीचं?

मागे घेतलेल्या निबंधांचंही तसंच. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घातक असल्याचा लॅन्सेटमधला गाजलेला निबंध २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण त्यामागची रुग्णांची माहिती तपासायलाच मिळेना. एकट्या २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले. नियतकालिकाच्या पानावर त्यावर शिक्का बसतो. यंत्रानं शिक्क्याआधीची प्रत गिळलेली असली तर शिक्का त्याच्या पोटात कसा पोचणार? शोध घेताना दर वेळी ताजी नोंद पाहणारी यंत्रं आहेत, पण आपण वापरतो ते त्यांपैकी आहे का, हे किती जण बघतात?

यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग मला जिथे दिसला, तिथे कोणी त्याला उत्तर विचारतच नाही. एखाद्या विषयाचा पद्धतशीर आढावा घ्यायचा तर पाच-सात हजार शीर्षकं चाळावी लागतात. रिवाज असा की दोघांनी एकमेकांना न विचारता चाळायचं आणि मतभेद झाला तर तिसऱ्यानं निवाडा करायचा. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाचं ‘एएसरिव्ह्यू’ नावाचं मोफत साधन आहे. तुम्ही ‘हवं’, ‘नको’ म्हणत जाता तसं ते तुमची निवड शिकतं आणि कामाची शीर्षकं वर आणून ठेवतं. कंटाळवाणं काम निम्म्याहून कमी होऊ शकतं. निवड तुमची राहते, प्रत्येक ‘नको’ची नोंद राहते. थांबायचं कधी, हा प्रश्न मात्र उरतोच. सलग दोनशे ‘नको’ आल्यावर थांबलात, तर दोनशे एकावं हवं असू शकतं. आढाव्यात तसं लिहा, म्हणजे झालं. कुठे थांबलो ते लिहिणं म्हणजेच आमचा रकाना.

आणखी एक. पबमेडच्या निबंधांना विषयाचे मथळे लावायचं काम पूर्वी प्रशिक्षित माणसं निबंध वाचून करत. २०२२ पासून तेही स्वयंचलित झालं आहे. माणसं देखरेखीला आणि निवडक दुरुस्तीला. म्हणजे मथळा यंत्र लावणार, शोधणार यंत्र, सारांश लिहिणार यंत्र, आणि आता काही निबंधही यंत्रच लिहू लागलं आहे. या रांगेत मधे कुठेतरी निबंध उघडून बसलेला एक माणूस असावा, एवढंच माझं मागणं आहे. तो ग्रंथपालच असावा असा हट्ट नाही. असला तर बरं.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी थिसिस तपासताना चाळीस संदर्भांपैकी कोणतेही तीन निवडावेत आणि विद्यार्थ्याला समोर बसवून पूर्ण निबंधातून, ॲब्स्ट्रॅक्टमधून नव्हे, ते वाक्य दाखवायला सांगावं. दहा मिनिटांचं काम. यंत्र वापरलं असेल तर त्याचं नाव, तारीख, विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, आणि ते पूर्ण निबंध वाचतं की नुसते ॲब्स्ट्रॅक्ट, हे परिशिष्टात यावं. तोच प्रश्न महिन्याभरानं विचारला की यंत्र वेगळे निबंध देऊ शकतं, म्हणून तारीख.

आणि आपल्याला एक विनंती. पुरवणीत ‘एका संशोधनानुसार’ असं छापता, तेव्हा नियतकालिकाचं नाव आणि वर्ष तेवढं कंसात देत चला. आपल्या त्या लेखात यंत्रानं शोधून काढलेल्या तीन संशोधनांचा उल्लेख होता. दोन मला सापडली. तिसरं पबमेडवर तीन वेगवेगळ्या शब्दांनी शोधलं, १९६६ च्या मागेही जाऊन पाहिलं. इंग्रजीखेरीज इतर भाषांतले निबंध आणि पबमेडबाहेरचे डेटाबेस पाहिलेले नाहीत.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय ग्रंथपाल
(नाव व पत्ता आपल्याकडे नोंदवला आहे, छापू नये.)